सहावी-सातवीत मार्क घसरले? क्लास लावण्याआधी या चुका टाळा

पहिल्या सत्राचा निकाल लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "सहावीच्या गणितासाठी चांगला क्लास कोणता?" चौथीपर्यंत नव्वदच्या घरात असलेलं मूल साठावर आलेलं असतं आणि घरात सगळ्यांचा धीर सुटलेला असतो. शाळेत समुपदेशनाचं काम करताना हे दरवर्षी दिसतं, म्हणून कळकळीनं सांगते: मार्क का घसरले ते न बघता क्लास लावू नका. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

गणित कच्चं आहे, असं धरून चालणं

एका संध्याकाळी मुलाशेजारी बसा. आधी नुसतं 3/4 + 2/3 सोडवायला द्या. मग अपूर्णांकांचंच एखादं शाब्दिक उदाहरण मोठ्यानं वाचायला लावा आणि विचारा, "यात विचारलंय काय?" पहिलं जमलं आणि दुसऱ्यात गाडी अडली, तर गोची वाचनात आहे. ज्या शाळांत सेमी इंग्रजी पाचवीपासून सुरू होतं तिथे हे फार होतं. अंश-छेद म्हणत शिकलेलं मूल एकदम न्यूमरेटर-डिनॉमिनेटरसमोर उभं राहतं, आणि वर्गात विचारायची लाज वाटते. अशा मुलाला गणिताच्या क्लासचा काय उपयोग? रोज दोन उदाहरणं वाचून ती आपल्या शब्दांत सांगायला लावा. पहिलंच जमलं नाही, तर मात्र मागे जा. पाढे, भागाकार, लसावि यांतलं कुठे सुटलंय ते शोधा.

वाचताना ओळी गाळणं, फळ्यावरचं उतरवताना चुका, तोंडी सगळं येतं पण पेपर कोरा, असं वर्षानुवर्षं चालत असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. शासनमान्य प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. "दहावी आली की बघू" म्हणू नका. तोवर मुलानं स्वतःला 'ढ' ठरवलेलं असतं.

झोपेचा हिशेब न करणं

अनेक शाळांत प्राथमिकचे वर्ग दुपारी आणि माध्यमिकचे सकाळी भरतात. त्याच सुमारास मूल वयात येऊ लागतं आणि त्याची झोपेची वेळ आपसूक पुढे सरकते. आई-बाबा हिंजवडीचं ट्रॅफिक पार करून नऊला घरी पोचतात, जेवणं, गृहपाठ, थोडा मोबाईल आणि अकरा वाजतात. साडेसहाला व्हॅनवाले काका खाली हजर. झाली की नाही जेमतेम पावणेसात तास झोप? बारा वर्षांपर्यंत निदान 9 तास आणि तेरापासून 8 ते 10 तास झोप लागते. फेब्रुवारी 2024मध्ये शासनानं शाळा सकाळी 9च्या आधी न भरवण्याबद्दल सांगितलं, ते चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. पाचवीपासून हे घरालाच सांभाळावं लागतं. अबॅकस, ऑलिम्पियाड, शिष्यवृत्ती, तबला यांतलं एक काही काढून टाका. कोणतं, ते मुलाला ठरवू द्या.

"पास होणारच" म्हणून सोडून देणं

राज्यात आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा असते. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, त्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात राहावं लागतं. सहावी-सातवीतली गळती आठवीत अशी अंगावर येते.

समुपदेशकाकडे शेवटी जाणं

शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025मध्ये सांगितलं आहे. तुमच्या शाळेत कोण आहे, कोणत्या वारी भेटतात, हे पालक सभेत विचारा. येताना प्रगतिपुस्तकापेक्षा माहिती आणा: कधीपासून बिघडलं, तुकडी बदलली का, जुना मित्र सुटला का, झोप-भूक कशी आहे.

आणि मूल शेजारी बसलेलं असताना "हा ऐकतच नाही हो मॅडम" म्हणू नका. सातवीतली एक मुलगी प्रत्येक उत्तराआधी आईकडे बघायची. आई बाहेर गेल्यावर म्हणाली, "मधल्या सुट्टीत मी डबा एकटीच खाते." मार्कांचा विषय तिथेच संपला होता, खरं दुखणं निराळंच होतं. नंतर "काय बोलली, सांगा ना" असा आग्रहही धरू नका. काय गुप्त राहील आणि काय सांगावंच लागेल, हे समुपदेशकानं पहिल्याच भेटीत दोघांना सांगावं. जीवाला धोका असेल तर पालकांना कळवायचंच. लैंगिक अत्याचार कळला तर पॉक्सो कायद्यानं तक्रार बंधनकारक आहे. मूल मरणाची भाषा करत असेल तर पुढच्या भेटीची वाट बघू नका. टेली मानस 14416 आणि चाइल्डलाइन 1098 हे दोन्ही नंबर चोवीस तास चालू असतात.

समुपदेशकांच्या चुका

शिपाईमामांना भर तासाला वर्गात पाठवून "समुपदेशनाला बोलावलंय" म्हणणं थांबवा. पुढचा आठवडाभर त्या मुलाची चेष्टा होते. वर्गशिक्षकांनी पाठवलेल्या दंगेखोरांवरच सगळा वेळ घालवू नका. मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्यांची नावंही मागून घ्या. सातवीत घेतलेल्या कल चाचणीवरून "हा इंजिनिअरिंगचा नाही" असं सांगून टाकणं तर फारच घाईचं.

भेट संपताना एकच गोष्ट ठरवा आणि ती कोण करणार तेही लिहा: दहाला दिवा बंद, ही जबाबदारी घराची, पुढच्या बाकावर जागा, ही वर्गशिक्षकांची, अडलेलं एक उदाहरण रोज विचारणं, हे मुलाचं. दोन आठवड्यांनी परत भेटा, आणि त्या भेटीला आईला एकटीला पाठवू नका, बाबांनीही यावं.