रेस्क्यू डायव्हरचा कोर्स करताय? या चुका टाळा

अडचणीतल्या डायव्हरला वाचवायला शिकवणारा हा कोर्स दमवतो, हे सगळेच सांगतात. म्हणून लोक आधी दोन-दोन महिने स्विमिंग पूलमध्ये फेऱ्या मारतात, दंड-बैठका काढतात आणि तारकर्लीला किंवा गोव्याला येऊन पहिल्याच सरावात गडबडतात. ताकद कमी पडते असं नाही, घाई नडते. या कोर्समधल्या बहुतेक चुका खणत गेलं की खाली घाईच सापडते.

कागदपत्रांचं आधी उरकून टाकू. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या कोर्सला ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर हे प्रमाणपत्र असलं की पुरतं. त्याच्या खालच्या पायरीवरचे ॲडव्हेंचर डायव्हर असाल, तर नेव्हिगेशनची, म्हणजे पाण्याखाली दिशा शोधण्याची डायव्ह झालेली हवी. शिवाय मागच्या 24 महिन्यांत सीपीआर आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेलं असावं लागतं. हे शेवटचं हमखास विसरलं जातं. मग कोर्सच्या आदल्या दिवशी सीपीआर कसाबसा आटोपतात आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात त्यातलं काही आठवत नाही. मेडिकल फॉर्मवर सरसकट ‘नाही’च्या खुणा करू नका. लहानपणी दमा होता, रक्तदाबाची गोळी चालू आहे, तर तसं लिहा आणि डॉक्टरांची सही घेऊन या. आणि तळाला न टेकता, हात न मारता एका जागी स्थिर राहता येत नसेल, तर कोर्स खुशाल पुढे ढकला. स्वतःलाच सावरण्यात गुंतलेल्या माणसाला बडीचे, म्हणजे जोडीदार डायव्हरचे डोळे विस्फारलेले दिसत नाहीत.

ते डोळे पाण्याखालीच बघायचे असंही नाही. खूप गोष्टी बोटीवरच कळतात. मघापासून बडबड करणारा एकदम गप्प झालाय, कुणी धुतलेला मास्क पुन्हापुन्हा धुतोय, कुणाची वेट बेल्ट (खाली जाण्यासाठी वजनं लावलेला पट्टा) नीट बसली तरी बसत नाहीये. अशा माणसाला बाजूला घेऊन ‘आज नको वाटतंय का?’ एवढं विचारणं हाही रेस्क्यूच. परीक्षेतलं नाट्य मोठं दिसतं म्हणून शिकणाऱ्यांचं इकडे लक्ष नसतं.

घाबरलेल्या डायव्हरच्या अंगावर झेपावणं

सगळ्यात जास्त वेळा होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. घाबरल्याचं सोंग घेतलेला इन्स्ट्रक्टर हातपाय झाडत ओरडायला लागला, की विद्यार्थी मान खाली घालून जीव तोडून पोहत थेट त्याच्या मिठीत जातो. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे ती काडी तुम्ही होता.

दोन-तीन मीटरवर थांबा. शरीर मागे कलतं ठेवा, पाय त्याच्या दिशेला, म्हणजे क्षणात मागे सरता येईल. आपल्या बीसीडीत (हवा भरून तरंगायला मदत करणारं जॅकेट) थोडी हवा भरून घ्या. मास्क डोळ्यांवर आणि रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारं साधन) तोंडात, हे तर हवंच. बोलायला म्हणून रेग्युलेटर काढला जातो, तो परत तोंडात घालायचा राहून जातो आणि पुढच्या झटापटीत नाकातोंडात पाणी जातं. बोललात की लगेच परत घाला.

बोलायचं काय, यातही चुकतं. ‘घाबरू नका, मी आहे ना, शांत व्हा’ असं लांबण लावलेलं त्या अवस्थेत कुणाच्या कानात शिरत नाही. दोन शब्दांचा हुकूम द्या, मोठ्याने आणि त्याच्या भाषेत: ‘बीसीडी फुगव!’, ‘वेट सोड!’ पुण्याहून आलेल्या माणसाला मराठीत, बेंगळुरूहून आलेल्याला इंग्रजीत. बोटीवर आधी ओळखपाळख करून घ्यायची ती यासाठीही. हाताशी फ्लोट किंवा दोर असेल, तर तो त्याच्याकडे टाका. तो त्याने धरला की अर्धं काम झालं.

ऐकतच नसेल, तर पाण्याखालून किंवा वळसा घालून त्याच्या पाठीमागे जा, टाकीचा व्हॉल्व्ह पकडा, गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा आणि मग त्याची बीसीडी फुगवा. त्याच्या डाव्या खांद्यावरून येणाऱ्या इन्फ्लेटरवर, म्हणजे बीसीडीच्या हवेच्या नळीवर दोन बटणं असतात, एक हवा भरणारं, एक सोडणारं. घाईत भलतंच दाबलं जातं आणि वर यायचा तो माणूस खाली जायला लागतो. म्हणून बडी चेकच्या (पाण्यात उतरण्याआधी एकमेकांचं सामान तपासण्याच्या) वेळी समोरच्याचा इन्फ्लेटर डोळे मिटून चाचपून बघा, बोटांना सवय होते. टाकी रिकामी असेल तर बटण दाबून काहीच होत नाही, तोंडाने फुंकून हवा भरावी लागते. त्याचाही सराव करून ठेवा.

वेट सोडताना नुसतं बकल उघडून भागत नाही. बेल्ट बीसीडीच्या पट्ट्यात नाहीतर सुरीच्या म्यानात अडकते. उघडलेली बेल्ट हात लांब करून अंगापासून दूर धरा आणि मग सोडा.

आणि त्याने तुम्हाला कवटाळलंच तर? त्याला ढकलत बसू नका. स्वतःच्या बीसीडीतली हवा काढून खाली जा. घाबरलेल्या माणसाला काहीही करून पाण्याच्या वर राहायचं असतं, तो सोडतोच.

बेशुद्ध डायव्हरला रॉकेटसारखं वर आणणं

20 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो, 10 मीटरवर दुप्पट. म्हणजे शेवटच्या 10 मीटरमध्ये बीसीडीतली हवा फुगून दुप्पट होणार. विद्यार्थी खालून निघताना दोन्ही बीसीडी भरतात, वर येताना दोन्ही आवरत नाहीत आणि जोडी उसळून बाहेर येते. स्वतःची बीसीडी रिकामी ठेवा, चढाईवर ताबा त्याच्या एकट्याच्या बीसीडीने ठेवा आणि हवा सोडायला सुरुवात लवकर करा. वेग सुटला असं कळल्यावर सोडायला गेलात तर उशीर झालेला असतो.

रेग्युलेटर त्याच्या तोंडात असेल तर हाताने तसाच दाबून धरा. नसेल तर खाली बसून तो घालायचा खटाटोप करू नका. त्याची मान सरळ राहू द्या, फुप्फुसांतली फुगणारी हवा आपली वाट काढते. त्याला वर आणणं हेच काम.

वर आलात की मदतीसाठी हाक, दोघंही नीट तरंगतील अशी सोय, मास्क बाजूला आणि श्वासमार्ग मोकळा करून श्वास तपासणं. श्वास नसेल तर दर पाच सेकंदांनी एक श्वास. इथे गाडी हमखास रुळावरून घसरते ती सामान काढताना. बकल निघत नाही, विद्यार्थी त्याच्याशी कुस्ती खेळतो, तेवढ्यात तिकडे पेशंटचं तोंड पाण्याखाली. उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो: मोठ्याने मोजा. श्वास दिला, एक हजार एक, एक हजार दोन, या अवधीत एकच बकल. उघडलं नाही तर सोडून द्या, पुढच्या श्वासाला परत या. सामानाला उशीर झाला तर चालतो.

बोटीवर घ्यायची वेळ आली की तांडेलाचं, म्हणजे बोटीच्या प्रमुखाचं ऐका. आपल्याकडच्या फायबरच्या बोटींची कड उंच असते, हात धरून ओढलेलं ओलं, निर्जीव शरीर वर येत नाही, खांदे मात्र निखळतात. इंजिन बंद आहे ना, हे आधी विचारा. दोराने गुंडाळून वर कसं घ्यायचं, ते डायव्हच्या आधी खलाशांसोबत एकदा करून बघा. पाण्यात उतरल्यावर ती चर्चा होत नाही.

एक जण कमी भरला, आणि सगळ्यांनी उड्या मारल्या

हरवलेल्या डायव्हरचा सराव त्यातल्या त्यात सोपा, तरी बोट एका मिनिटात रिकामी होते. आधी वेळ लिहून ठेवा. मग नाव घेऊन हजेरी घ्या, डोकी मोजण्यात चूक होते. शेवटचं कुणी, कुठे पाहिलं ते विचारा, त्या जागी बॉय (खुणेचा तरंगता फुगा) टाका आणि एकाला फक्त बुडबुडे बघायला बसवा. खाली जाईल ती जोडी पुरेशी हवा असलेली, कंपास वापरणारी, ठरलेल्या आकृतीत शोधणारी आणि ठरलेल्या वेळी वर येणारी हवी.

ऑक्सिजनची पेटी बंदच

पेटी बोटीवर आहे यावर समाधान मानू नका. उघडा, प्रेशर बघा, मास्क जोडून पाहा. तेलकट हाताने व्हॉल्व्हला हात लावू नका. केसांना चोपडलेलं खोबरेल आणि अंगाला फासलेलं सनस्क्रीनही त्यात आलं. पेट्रोलच्या कॅनशेजारी ती पेटी ठेवू नका आणि आसपास विडी पेटू देऊ नका. दाबाच्या त्रासाची (वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे होऊन होणारा आजार) शंका आली की पेशंटला आडवं झोपवून शुद्ध ऑक्सिजन सुरू करा. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून तो मास्क काढायला बघतो, काढू देऊ नका. त्रास कमी व्हावा म्हणून त्याला परत पाण्यात खाली नेण्याची कल्पना तर डोक्यातूनच काढून टाका.

सिंधुदुर्गात डायव्हिंग करणाऱ्यांसाठी आणखी एक. दाबाचा त्रास झालेल्याला कोल्हापूर-बेळगावकडे घाट चढून नेऊ नका. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटरवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि शरीरातले बुडबुडे आणखी फुगतात. कोर्सच्या शेवटच्या दिवशी पाचसहा वेळा खाली-वर केल्यावर संध्याकाळीच घाट चढून घरी निघणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. एक रात्र मालवणात काढा, माशांचं जेवण काही वाईट नाही. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा 1554 हे नंबर बोटीवर लिहून लावा. दाबाच्या त्रासावर उपचार करणारी, जवळची चालू स्थितीतली दाबाची खोली (रिकम्प्रेशन चेंबर) कुठे आहे, तिथवर किनाऱ्याच्या रस्त्याने कसं पोहोचायचं आणि फोन कोण करणार, हे नांगर उचलायच्या आधी ठरवा.