गणपती हातात असताना उतार कसा ओळखावा

चवथीला आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडच्या वाड्यावर मूर्ती विसर्जनाला नेतात ती व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर. जांभ्याच्या चिऱ्यांची पायवाट, मग पाण्यात शिरणारा साताठ हातांचा उतार. दीड फुटांची मूर्ती छातीशी धरली की स्वतःचे पाय दिसत नाहीत. काही वर्षांमागे त्या उतारावर मी चक्क बसलो. मूर्ती वाचली, कोपर सोलवटलं. एरवी त्याच उतारावरून मी मोबाईल बघत उतरत असे. तेव्हापासून चवथीच्या आठवडाभर आधी मी पुढची उजळणी करतो. घरात म्हातारी माणसं किंवा रांगतं मूल असेल तर ती बाराही महिने कामाची आहे.

१. ‘किती अंश?’ असं विचारू नका

चढ किती तीव्र आहे हे तोंडाने सांगायला गेलो की आपण भलतेच फसतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात डेनिस प्रॉफिट आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ५ अंशांचा चढ लोकांना २० अंशांच्या आसपासचा वाटला. तीच माणसं न बघता हाताखालची फळी चढाइतकी तिरकी करायला लागली, तेव्हा मात्र त्यांचा हात बराच जवळ पोचला. म्हणून प्रश्न बदला: ‘इथे मला पाय पूर्ण टेकवून उभं राहता येईल का?’ या प्रश्नाला आपलं शरीर बरं उत्तर देतं. एखादी जागा आपल्याला काय करू देते, हेच आपण आधी पाहतो, असं मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांचं म्हणणं होतं.

२. घरी फळीवर सराव करा

एक मीटर लांबीची जाड फळी घ्या. एक टोक जमिनीवर, दुसरं भक्कम आधारावर. वरचं टोक जमिनीपासून १७ सेंटिमीटर उचललं तर उतार सुमारे १० अंशांचा होतो, ३४ सेंटिमीटरला २० चा, आणि ५० सेंटिमीटरला बरोबर ३० चा. खालचं टोक भिंतीला टेकवा, म्हणजे फळी सरकणार नाही.

आता दुसऱ्या कुणाला तरी उंची बदलायला सांगा. दुरून नुसतं बघून ‘जमेल’ किंवा ‘नाही’ म्हणा. मग डोळे मिटून, हातातल्या काठीने फळी चाचपून पुन्हा सांगा. शेवटी कुणाच्या तरी खांद्याचा आधार घेऊन खरोखर उभे राहा. (गुडघे दुखणाऱ्यांनी शेवटचा भाग सोडावा, बाकी दोनांतही पुष्कळ कळतं.)

हाच प्रयोग प्रयोगशाळेतही झालेला आहे. पॉला फिट्झपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवलं की नुसतं बघणारे आणि नुसती काठी फिरवणारे, दोघांनाही उभं राहता येण्याजोगा उतार ओळखता येतो. कोरड्या, खरबरीत पृष्ठभागावर ही सीमा साधारण ३० अंशांच्या आगेमागे येते. मला यातली जास्त उपयोगाची गोष्ट वेगळीच वाटते: सीमेजवळच्या उतारांवर माणसं जास्त वेळ घेतात. म्हणजे काठी दोनदा, तीनदा फिरवावीशी वाटली की समजा, तुम्ही काठावर आहात. घाईतला माणूस नेमका हाच इशारा दडपतो, कारण मागून घुमट (मातीचं तालवाद्य) वाजत असतं आणि आरती संपलेली असते.

३. ओझ्यासकट पुन्हा बघा

मोकळ्या हातांनी जमलेला उतार मूर्ती घेऊन जमेलच असं नाही. वजन शरीरावर जितकं वर, तितक्या कमी उतारावर तोल जातो. पाठीवर वजन बांधलेल्या माणसांच्या प्रयोगात वजन वर सरकवलं की ‘मी इथे उभा राहू शकतो’ ही सीमाही खाली आली. शरीर हा हिशेब आपोआप करतं. मात्र ते ओझं अंगावर असायला हवं. म्हणून आदल्या दिवशी तांदळाची पिशवी छातीशी धरून उताराच्या तोंडाशी उभे राहा आणि तिथूनच ठरवा. खांद्यावर नातू बसवून काजूच्या डोंगरावर चढणाऱ्या आजोबांनाही हेच लागू आहे.

४. शेवाळाचा निकाल पायाला देऊ द्या

डोळ्यांची सगळी हुशारी संपते ती इथे. जांभा दगड मुळातच भोकाभोकांचा आणि खरबरीत, कोरडा असताना त्याच्यासारखी पकड नाही. पण चार महिन्यांच्या पावसात त्याच्यावर शेवाळ धरतं, आणि ढगाळ उजेडात ओला काळा दगड व शेवाळलेला काळा दगड सारखेच दिसतात. हिशेब साधा आहे: ३० अंशांवर न घसरता उभं राहायला घर्षणाचा गुणांक (पकडीचं माप) ०.५८ तरी हवा, १० अंशांवर ०.१८ पुरतो. शेवाळ तेवढंही देईल याचा भरवसा नाही.

तेव्हा अनवाणी उतरा. वजन मागच्या पायावर ठेवून पुढच्या पायाचा चवडा टेकवा आणि इंचभर मागेपुढे चोळा. बुळबुळलं तर पाय उचला, दुसरी जागा शोधा. चोळताना पकड लागली की मगच टाच टेका आणि वजन पुढे न्या. वर्षभराची मुलंही उताराच्या कडेला थांबून हाताने, पायाने असंच चाचपतात. मानसशास्त्रज्ञ कॅरन अ‍ॅडॉल्फ यांनी केलेल्या अभ्यासांत आणखी एक गंमत दिसली: रांगताना जो उतार मूल शहाणपणाने टाळत असे, त्यावरच नव्याने चालू लागल्यावर बेधडक निघे. मोठ्यांचंही फारसं वेगळं नाही. नवी चप्पल, गुडघ्याचं ऑपरेशन, वाढलेलं पोट, यांपैकी काहीही झालं की जुना अंदाज जुन्या शरीराचा असतो. फळीचा सराव पुन्हा करा.

रायबंदर-चोडण फेरीच्या धक्क्यावरही हीच रीत पाळा. ओहोटीला काँक्रीटचा खालचा, एरवी पाण्याखाली असणारा भाग उघडा पडतो. उतार तोच, पकड निराळी. हिरवा पट्टा जिथे सुरू होतो तिथे पावलं लहान करा. शापोरा किल्ल्याच्या वाटेवर भीती शेवाळाची नसून सुट्या खड्यांची: तिथे चोळल्यावर पायाखालचे खडे गोट्यांसारखे फिरतात का ते बघा.

५. पाण्याखालचा उतार काठीने मोजा

गढूळ पाण्यात डोळ्यांना काहीच काम नाही. मूर्तीवाल्याच्या पुढे एक माणूस काठी घेऊन उतरू द्या. त्याने काठी एकाच जागी न खुपसता जवळ आणि दूर, दोन ठिकाणी टेकवावी. दोन्हींतल्या खोलीच्या फरकावरून उतार कळतो. दुसऱ्या टेकीला काठी एकदम खोल गेली तर त्याने ‘थांब’ एवढंच म्हणावं, आणि मूर्ती तिथेच, गुडघाभर पाण्यात सोडावी.