क्लीनर चालवायचाय? थांबा, आधी टिका बघा

कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला की आपण काय करतो, तर कुठलातरी क्लीनर, म्हणजे नको त्या फाइली काढणारा प्रोग्राम, उतरवतो, तो लाल अक्षरात "एवढे जीबी कचरा सापडला" म्हणतो, आपण घाबरतो आणि समोर दिसेल ते मोठं बटन दाबून मोकळे होतो. मीपण वर्षानुवर्षं हेच केलंय. एकदा तर यादीतल्या सगळ्या चौकटींवर टिका मारून क्लीन दाबलं आणि सगळ्या साइटवरून लॉगआऊट झालो, उघडे ठेवलेले चाळीसेक टॅब गेले ते गेलेच, आणि पीसी होता तेवढाच स्लो. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की कचरा काढला की जागा होते, स्पीड वाढेलच असं काही नाही. सी ड्राइव्ह अगदी गच्च भरला असेल तर फरक पडतो, कारण विंडोजला अपडेटला, टेम्पररी फाइलींना, पेजफाइलला (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर जी फाइल वापरतं ती) जागा लागते आणि ती नसली की सगळंच अडखळतं. पण अर्धा ड्राइव्ह रिकामा असताना २ जीबी कचरा काढून पीसी पळायला लागेल ही आशा सोडा.

म्हणून क्लीनरच्या आधी दोन मिनिटं टास्क मॅनेजर बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की थेट उघडतो. त्यात डिस्क सारखी १०० टक्क्यांवर आहे का, मेमरी ९० च्या पुढे आहे का, कुठला प्रोग्राम वर बसलाय, हे दिसतं. तिथेच परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करून खाली अप टाइम बघा. रोज रात्री शट डाऊन करणाऱ्यांना तिथे वीस-बावीस दिवस दिसले की धक्काच बसतो. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप बहुतेक वेळा चालूच असतो, त्यामुळे शट डाऊन केलं तरी विंडोजचा गाभा फाइलीत सेव्ह होतो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, खरी नवी सुरुवात होते ती रिस्टार्टने. तेव्हा आधी एक रिस्टार्ट मारा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

आता साफसफाई. बाहेरचं काही उतरवायच्या आधी विंडोजमध्ये जे आहे ते वापरून घ्या. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स, इथे जा, थोडा वेळ मोजत बसेल मग यादी येईल. विंडोज अपडेट क्लीनअप, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन, टेम्पररी फाइल्स, हे बिनधास्त काढा. थंबनेल काढले तरी चालतं पण ते परत तयार होणारच, फोटोंचं फोल्डर पहिल्यांदा उघडताना जरा वेळ लागेल एवढंच. मोठं अपडेट झालं असेल तर प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन अशी ओळ दिसते, ती बऱ्याचदा कित्येक जीबीची असते. पण ती काढली की जुन्या विंडोजवर परत जाता येत नाही, आणि साधारण १० दिवसांनी विंडोज ती स्वतःच काढतं, त्यामुळे नवीन अपडेट नीट चालतंय याची खात्री होईपर्यंत हात लावू नका. जुनं डिस्क क्लीनअप आवडत असेल तर स्टार्टमध्ये नाव टाइप करा, आणि उघडल्यावर "क्लीन अप सिस्टीम फाइल्स" हे बटन दाबायला विसरू नका, मोठा माल त्याच्या पलीकडे असतो.

टिका न बघता ओके दाबणाऱ्यांसाठी दोन सापळे सांगतो. पहिला डाऊनलोड्स फोल्डर. २०१८ च्या विंडोज १० अपडेटमध्ये तो डिस्क क्लीनअपच्या यादीत घुसवला होता, लोकांनी सवयीने सगळं सिलेक्ट केलं आणि डाऊनलोड्स साफ, नंतर तो तिथून काढला. पण सेटिंग्जमधल्या त्या यादीत तो अजूनही दिसतो, तिथली टिक काढलेलीच ठेवा. दुसरा रिसायकल बिन. आमचे बाबा "ही फाइल नंतर बघू" म्हणून ती रिसायकल बिनमध्ये ठेवायचे! मी त्यांचा लॅपटॉप मोठ्या उत्साहाने साफ करून दिला आणि मग दोन दिवस बोलणी खाल्ली. दुसऱ्याचा पीसी साफ करताय तर बिन आधी उघडून बघा, आणि विचारा.

हाताने करायचं असेल तर विंडोज की आणि आर दाबा, येणाऱ्या चौकटीत इंग्लिशमध्ये टेम्प लिहा, शब्दाच्या आधी आणि नंतर टक्क्याचं चिन्ह, एंटर. जे फोल्डर उघडेल त्यातलं सगळं सिलेक्ट करून डिलीट. मध्येच "फाइल वापरात आहे" असं म्हणेल, तिथे खालची "सगळ्यांना हेच लागू" वाली टिक मारून स्किप करा, अडलेल्या फाइली राहू देत. फक्त एखादं इन्स्टॉलेशन अर्धवट चालू असताना हे करू नका.

एवढं करूनही बाहेरचा क्लीनर हवाच असेल तर मी ब्लीचबिट सांगेन, फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि घाबरवत नाही. कुठलाही क्लीनर घ्या, पण त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा, आणि इन्स्टॉल करताना नेक्स्ट नेक्स्ट करत सुटू नका, सोबत टूलबार नाहीतर दुसरंच काहीतरी गळ्यात मारणारे बरेच असतात. तशी अधिकृत साइट म्हणजे शंभर टक्के सेफ असंही नाही म्हणा, २०१७ मध्ये सीसीक्लीनर या प्रसिद्ध क्लीनरच्या ५.३३ आवृत्तीत कंपनीच्याच सर्व्हरवरून मालवेअर गेला होता आणि सुमारे २२ लाख ७० हजार लोकांकडे ती आवृत्ती पोचली होती. म्हणून वापरायचं तेव्हा वापरा, बाकी वेळ त्याला मागे चालू ठेवायची गरज नाही.

ब्लीचबिटमध्ये डावीकडे प्रोग्रामची यादी आणि प्रत्येकाखाली टिका असतात. आधी ब्राउझर पूर्ण बंद करा. मग फक्त कॅशे (प्रोग्रामने परत लागेल म्हणून साठवलेल्या फाइली), टेम्पररी फाइल्स, लॉग्ज (प्रोग्रामने काय केलं त्याच्या नोंदी) एवढ्यावरच टिक मारा आणि क्लीन नाही तर प्रिव्ह्यू दाबा. कुठली फाइल जाणार, किती जागा होणार हे सगळं दिसतं, ते एकदा वरून खाली वाचा, कारण इथून गेलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट गेलं. कुकीज काढल्या की सगळीकडे परत लॉगिन. सेशन काढलं की टॅब गेले (वर सांगितलंच). पासवर्ड या शब्दासमोर टिक कधीच नको. फ्री डिस्क स्पेस वाली टिकपण नको, ती जागा वाढवत नाही, रिकाम्या जागेवर परत लिहीत बसते, ते जुना पीसी विकायचा असेल तेव्हाचं काम, आणि तासन् तास चालतं. ब्राउझरची कॅशेसुद्धा रोज काढू नका, ती साइट लवकर उघडाव्यात म्हणूनच असते.

रजिस्ट्री क्लीनर? नको. रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि प्रोग्रामच्या सेटिंग्जची वही. "८०० एरर सापडले" वगैरे बघायला भारी वाटतं, पण त्या नोंदी काही केबीच्या असतात, काढून पीसी फास्ट होत नाही, आणि चुकीची नोंद गेली तर एखादा प्रोग्राम उघडायचाच बंद होतो. प्रीफेच फोल्डर (प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणून विंडोज त्यात नोंदी ठेवतं) साफ करायचा जुना सल्लाही सोडून द्या, त्याने उलट पुढच्या वेळी प्रोग्राम हळू उघडतात.

जागाच हवी असेल तर कचऱ्यापेक्षा मोठ्या फाइली शोधा. विनडरस्टॅट (WinDirStat) नावाचा प्रोग्राम चालवा, तो सगळा ड्राइव्ह रंगीत चौकोनांत दाखवतो, मोठा चौकोन म्हणजे मोठी फाइल. बहुतेक वेळा कोपऱ्यात पडलेला जुना व्हिडिओ, फोनचा बॅकअप नाहीतर दोनदा उतरवलेला गेम निघतो. विंडोज फोल्डरमधलं विनएसएक्सएस (WinSxS, विंडोजचे स्वतःचे भाग ठेवायचं फोल्डर) केवढंही मोठं दिसू दे, हाताने डिलीट करू नका.

आणि स्पीडचं म्हणाल, तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सला डिस्कच्या खाली एचडीडी, म्हणजे जुनी फिरणारी हार्ड डिस्क, लिहिलंय का बघा. असेल तर कुठलाही क्लीनर लावा, एसएसडी (चिपवर साठवणारा, खूप वेगवान ड्राइव्ह) टाकल्यावर जो फरक पडतो त्याच्या जवळपासही जाणार नाही. एसएसडी असेल तर डीफ्रॅगच्या (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावायच्या) नादी लागू नका, विंडोज त्याला ट्रिम, म्हणजे कुठली जागा आता रिकामी आहे हे ड्राइव्हला कळवणं, स्वतःहून करतं.

शेवटचं काम टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअप टॅबचं. पीसी सुरू होताना काय काय उठतं ते तिथे दिसतं, चॅटिंगची अ‍ॅप्स, गेम लाँचर, प्रिंटरचं काहीतरी. ओळखीचं आणि रोज न लागणारं असेल त्यावर राइट क्लिक करून डिसेबल करा, अनइन्स्टॉल होत नाही, फक्त आपोआप उठत नाही. अँटीव्हायरस आणि टचपॅड, साऊंडच्या नावांना हात लावू नका. आणि यादी नीट बघा, त्यात तुमचा तो क्लीनरच ठाण मांडून बसलेला सापडण्याची शक्यता दाट आहे, त्यालापण डिसेबल करा.