मुख्य रेडर जायबंदी, स्पर्धा आठवड्यावर: बदली खेळाडू कसा आणायचा

कबड्डीतला रेडर, म्हणजे चढाई करणारा खेळाडू, गुडघा धरून मैदानाबाहेर गेला की त्याच रात्री व्यवस्थापक फोन लावत सुटतो आणि निम्मा घोळ तिथेच होतो. मोहोळचा अमुक, बार्शीचा तमुक, "पोरगं लई जोरात आहे" एवढ्यावर माणूस ठरतो, मानधनही ठरतं. मग स्पर्धेच्या दिवशी कळतं की त्याचं वजन गटात बसत नाही, किंवा त्याचं नाव दुसऱ्याच संघाच्या यादीत आहे. पुढचा क्रम सोलापूर शहर आणि तालुक्यांतल्या निमंत्रित, वजनी गटाच्या कबड्डी स्पर्धांसाठी आहे. हातात सात-आठ दिवस आहेत असं धरलंय.

दुखापत किती दिवसांची?

बदली एका सामन्यासाठी हवी की पूर्ण हंगामासाठी, हे कळल्याशिवाय कोणाशीही बोलू नका. गुडघ्यात कट्कन आवाज आला, दोन-चार तासांत सूज भरली आणि पाय टेकला की गुडघा सटकतोय असं वाटलं, तर लिगामेंट तुटल्याचा संशय धरून हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. तसं निघालं आणि शस्त्रक्रिया झाली, तर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने किंवा जास्तच लागतात. म्हणजे हंगाम गेला. घोटा मुरगळला असेल आणि चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढा. नुसता हलका मुरगळा असेल तर एक ते तीन आठवडे धरा.

पहिले दोन दिवस गरम तेलाची मालिश नको. आपल्याकडे पायाला हात लावायला कोणीतरी तयारच असतो, पण ताज्या दुखापतीवर चोळलं की सूज वाढते. बर्फ टॉवेलात गुंडाळून १५ ते २० मिनिटं ठेवायचा, दोन-तीन तासांनी परत. निखळलेला खांदा मैदानावर बसवायचा प्रयत्न करायचा नाही. डोक्याला मार लागून गरगरलं असेल तर त्या दिवशी तो खेळाडू परत उतरणार नाही, कितीही महत्त्वाचा सामना असला तरी.

नेमकं काय गेलं, ते कागदावर

हा भाग बहुतेक संघ गाळतात, आणि बदली फसण्याचं सगळ्यात मोठं कारणही हेच. "आपला रेडर गेला, दुसरा रेडर आणा" हा हिशोब अर्धवट आहे. एकच माणूस तीन-चार वेगळी कामं करत होता. त्यातली कोणती बाहेरून भरायची आणि कोणती घरातल्या घरात वाटून घ्यायची, ते आधी ठरलं पाहिजे.

शेवटच्या चार-पाच सामन्यांची गुणपत्रकं काढा. चढाई ३० सेकंदांची, सामना ४० मिनिटांचा. म्हणजे दोन्ही संघांच्या मिळून ८० च्या आसपास चढाया आणि आपल्या वाट्याला ४०. गावच्या स्पर्धेत १५-१५ मिनिटांचे डाव असतील तर ३०. मुख्य रेडर यातल्या निम्म्याच्या आसपास चढाया एकटा करतो. त्याच्या चढायांचे चार रकाने पाडा: बोनस (समोरची बोनस रेषा ओलांडल्याचा गुण), स्पर्श किंवा झटापटीचा गुण, रिकामी पण सुखरूप परत, आणि पकडला गेला. ओळीने दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसऱ्या, म्हणजे गुण आणलाच पाहिजे अशा करो या मरो चढाया कोणत्या, त्यावर वेगळी खूण करा.

समजा, चार सामन्यांत त्याच्या ६४ चढाया झाल्या. १४ बोनस, १६ स्पर्श, २२ रिकाम्या, १२ वेळा पकड. १४ बोनस म्हणजे सामन्याला साडेतीन गुण. हे काम लांब पायांचा, घाई न करणारा राखीव खेळाडू आठवड्यात बऱ्यापैकी उचलू शकतो, कारण समोर सहा किंवा सात जण असतानाच बोनस मिळतो आणि त्या वेळी जागाही ठरलेलीच असते. २२ रिकाम्या चढाया वाया गेल्या असं समजू नका. आघाडीवर असताना २५ सेकंद काढून, निदान रेषा (रेडरने ओलांडायलाच हवी ती रेषा) ओलांडून सुखरूप परत येणं हेही काम आहे, आणि ते कोणताही शांत डोक्याचा खेळाडू करतो. राहिले १६ स्पर्श आणि तिसऱ्या चढाया. बाहेरचा माणूस शोधायचा तो या दोन गोष्टींसाठी. आता फोनवर "चांगला रेडर आहे का" असं विचारावं लागत नाही. "पाच जणांत शिरून स्पर्श आणणारा, उजव्या कोपऱ्यावर जाणारा आहे का" असं विचारता येतं.

याशिवाय पाचवा रकाना बचावाचा. रेडर चढाई करून येतो आणि बचावात उभा राहतो, बहुतेकदा इनला किंवा सेंटरला. कोपरा म्हणजे टोकाचा बचावपटू, इन त्याच्या शेजारचा, आणि दोघांची हातात हात धरलेली साखळी असते. त्यामुळे इनचा माणूस गेला की कोपऱ्याचा हातही रिकामा पडतो आणि त्याच्या घोटा पकडी अचानक चुकायला लागतात. दोष कोपऱ्याला मिळतो, खरं तर साखळी तुटलेली असते. नवा माणूस कुठे उभा राहतो हे म्हणूनच आधी विचारायचं. डाव्या इनचा खेळाडू गेला आणि आलेला फक्त उजवीकडेच उभा राहत असेल, तर एका बदलीसाठी तीन जागा हलवाव्या लागतात. त्यापेक्षा थोडा कमी जोराचा पण डावीकडे उभा राहणारा परवडतो.

घरचा बाक

प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामात, २०२२ मध्ये, तमिळ थलायवाज संघाने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि त्याचा हंगाम संपला. त्याच्या तोडीचा माणूस बाहेर मिळणारच नव्हता. नरेंदर या नव्या पोराने त्या हंगामात चढाईचे २४३ गुण काढले, जोडीला अजिंक्य पवारसारखे खेळाडू होते, आणि संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचला. तिथे त्यांना पुणेरी पलटणने हरवलं.

आपल्या बाकावर नरेंदर बसलाय असं यावरून धरू नका, पण आधी बघा तरी. दोन राखीव रेडर आणि दोन अष्टपैलू घ्या, प्रत्येकाला आपल्याच बचावफळीविरुद्ध दहा-दहा चढाया द्या आणि वरचेच चार रकाने भरा. बाहेरचा खेळाडू आणूनही तो घरच्यापेक्षा सामन्यामागे दोन-तीनच गुण जास्त देणार असेल, तर आणू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. साखळी नव्याने बांधण्यात तेवढे गुण सहज जातात.

कागद आधी, पैसे नंतर

प्रत्येक स्पर्धेचं नियमपत्रक वेगळं असतं. ते मागवून वाचा, तोंडी ऐकू नका. बघायच्या गोष्टी चार.

पहिली, यादी. संघात बारा जण, सात मैदानात आणि पाच राखीव. यादी दिल्यावर नाव बदलता येतं का, आणि कधीपर्यंत? बऱ्याच ठिकाणी पहिला सामना सुरू झाला की यादी गोठते.

दुसरी, एक खेळाडू एक संघ. त्याच स्पर्धेत त्याचं नाव दुसरीकडे असेल तर विरोधी संघ हरकत घेतो, आणि घेतो तीही आपण जिंकता जिंकता. निमंत्रित स्पर्धेत उसना खेळाडू चालतो. जिल्हा अजिंक्यपद किंवा निवड चाचणीत नोंदणी बघितली जाते. तिथे मूळ मंडळाचं ना हरकत पत्र लेखी घ्या आणि जिल्हा संघटनेला आधी विचारा. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत त्या महाविद्यालयाचा नियमित विद्यार्थीच लागतो, तिथे उसनवारीचा प्रश्नच नाही.

तिसरी, सीमा. अक्कलकोट, मंगळवेढ्याकडच्या संघांना इंडी, अफझलपूर, विजयपूरचे रेडर जवळचे वाटतात, आणि ते असतातही ताकदीचे. पण राज्य बदललं की संघटना बदलते. खुल्या स्पर्धेत परराज्यातला खेळाडू चालतो का, किती चालतात, हे पत्रकात शोधा.

चौथी, वजन. वजनकाटा आयोजकांचा असतो, घरचा नाही. दोहोंत अर्धा किलोचा फरक सहज पडतो. गटाच्या मर्यादेपेक्षा किमान एक किलो खाली असलेलाच माणूस घ्या. दोन किलो जास्त असलेला "उतरवतो की" म्हणतो, दिवसभर पाणी पीत नाही, आणि सोलापूरच्या चाळीस अंशांपुढच्या एप्रिलमध्ये रात्रीच्या सामन्यात दुसऱ्या डावात त्याच्या पोटऱ्या आवळतात. मग एका जायबंदी रेडरचे दोन होतात.

एका संध्याकाळची चाचणी

नाव कितीही मोठं असो, उतरवून बघा. १४ चढाया पुरतात: चार पूर्ण सात जणांविरुद्ध, चार पाच जणांविरुद्ध जिथे बोनस नाही, चार तिघांविरुद्ध, आणि शेवटच्या दोन तिसरी चढाई म्हणून. तिघांविरुद्धच्या चढाया नीट बघा. समोर तीन किंवा कमी बचावपटू असताना पकड झाली तर अव्वल पकडीचे दोन गुण जातात. लोणाच्या, म्हणजे समोरचा सगळा संघ बाद करण्याच्या, नादात आत घुसणारा रेडर इथेच उघडा पडतो. टिपायचं ते असं: किती सेकंदांनी निदान रेषा ओलांडतो, परतताना पाठ करतो का, एकाच कोपऱ्यावर जातो का, पकडल्यावर मध्यरेषेकडे हात लांबवतो की नुसता धडपडतो.

स्पर्धा मॅटवर आहे की मातीवर, चाचणीही त्यावरच घ्या. मातीवर वाढलेला पोरगा मॅटवर बूट घालून पहिल्यांदा वळतो तेव्हा पाय अडकतो आणि गुडघा फिरतो. मॅटवरचा मातीत आला की पहिली दहा मिनिटं घसरतो. शिवाय मातीत फक्कीची बोनस रेषा दुसऱ्या डावापर्यंत पुसट होते. मागचा पाय हवेत स्पष्ट उचलायची सवय नसलेल्याचा बोनस पंच देत नाहीत, आणि वाद घालून मिळतही नाही.

जुनी दुखापत विचारा. दोन्ही पायांवर वेगवेगळी लंगडी उडी मारायला लावा. एका पायाची उडी दुसऱ्यापेक्षा दिसण्याइतकी आखूड पडली, तर नको म्हणा.

देवाणघेवाण

दोन मंडळांत अदलाबदल करायची असेल तर पैशापेक्षा वस्तू आणि वेळ बऱ्याचदा उपयोगी पडतात: पुढच्या स्पर्धेला आपला कोपऱ्याचा खेळाडू, सरावाला मॅट, किंवा प्रवासाची गाडी. मात्र आपला एकमेव चांगला कोपरा देऊन रेडर आणू नका. आलेले गुण तिकडून गळतात.

वहीच्या एका पानावर लिहून दोन्ही मंडळांच्या सह्या घ्या. कोणती स्पर्धा, कोणत्या तारखेपर्यंत. मानधन सामन्याचं की स्पर्धेचं. प्रवास आणि जेवण त्यात की वेगळं. बक्षिसात वाटा आहे का. वैयक्तिक बक्षीस कोणाचं. दोन मंडळं समोरासमोर आली तर तो कोणाकडून खेळणार. आणि तो आपल्याकडे खेळताना जायबंदी झाला तर दवाखान्याचा खर्च कोण करणार. शेवटचं कलम विचारायला अवघड वाटतं म्हणून राहतं, आणि भांडण नेमकं त्यावरच होतं. आणखी एक: बक्षिसाच्या वाट्याचं संघातल्या बाकीच्यांना आधी सांगा. नंतर कळलं तर ते त्याच्यासाठी साखळी धरत नाहीत.

उरलेल्या चार संध्याकाळी

नव्या माणसाला नवे डाव शिकवू नका, त्याचेच दोन डाव पुरे. वेळ साखळीला द्या. पहिल्या दोन संध्याकाळी तो ज्या कोपऱ्याशेजारी उभा राहणार, त्या दोघांना हात धरून नुसतं डावी-उजवी सरकवा, अर्धा तास, पकड न करता. मग त्यांच्यावर चढाया. कोपऱ्याने पाय धरला की इनने वरून किती सेकंदांत यायचं, हे अंगात बसलं पाहिजे. तिसऱ्या दिवशी पूर्ण सात, चौथ्या दिवशी एक डाव आणि लवकर घरी.

हाका एका भाषेत ठरवा. सोलापूरच्या संघात मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच साखळीत उभे असतात. ऐन पकडीत एक "धर" म्हणतो, दुसरा "पट्टुको", तिसऱ्याला काय करायचं तेच कळत नाही. तीन हाका पुरतात: पुढे जा, थांब, मागे.

सामन्यात

तो त्याच दिवशी आला असेल तर पहिली पाच मिनिटं बाकावर ठेवा, समोरची बचावफळी बघू द्या, आणि टाइम आऊट घेऊन उतरवा. टाइम आऊट प्रत्येक डावात दोनच, ३० सेकंदांचे. बाद होऊन बाहेर बसलेल्याच्या जागी बदली मिळत नाही, म्हणून ज्याला काढायचं तो आत असतानाच बदल करायचा.

तिसरी चढाई कोण करणार हे मैदानात ठरवायचं नाही. पहिली पसंती, दुसरी पसंती लिहून कर्णधाराकडे द्या. नव्या रेडरने ओळीने दोन तिसऱ्या चढाया गमावल्या तर पुढची घरच्या रेडरने करायची, आणि हे त्याला सामन्याआधीच सांगितलेलं असावं. मैदानात सांगितलं तर अपमान वाटतो.

आपले दोन्ही रेडर एकाच वेळी बाहेर बसणार नाहीत एवढं सांभाळा. जो आधी बाद, तोच आधी आत येतो. त्यामुळे नवा रेडर तिसऱ्या क्रमाने बाद झाला तर त्याला परत आणायला तीन गुण लागतात. अशा वेळी दुसऱ्या रेडरने बोनसमागे धावू नये, कारण बोनसने गुण वाढतो पण बाहेरचा खेळाडू आत येत नाही. तिथे स्पर्श किंवा पकडच हवी.

जायबंदी रेडरला घरी बसवू नका, गुणपत्रकावर बसवा. समोरच्या कोपऱ्यांच्या सवयी त्याला पाठ असतात, मध्यंतराच्या पाच मिनिटांत तो नव्याला दोन कामाच्या गोष्टी सांगतो. त्याच्या परतीचा निर्णय मात्र त्याच्यावर सोडू नका. डॉक्टरांची परवानगी, दुखऱ्या पायावरची लंगडी उडी चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के, आणि आपल्या बचावफळीविरुद्ध पूर्ण जोराचा सराव, एवढं झाल्यावरच त्याचं नाव यादीत घाला. तोवर बदलीच्या वहीतली तारीख वाढवून घ्या.