मागून येऊन कुणी गाडी ठोकली तर क्लेम आणि रिपेअर नीट कसं पार पाडायचं

आपण सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून उभे असतो आणि मागून धाडकन आवाज येतो. चूक शंभर टक्के मागच्याची. मग आपण धरून चालतो की आता त्याची इन्शुरन्स कंपनी आपली गाडी करून देईल. भारतात ते इतकं सरळ नाहीये, आणि हे जितक्या लवकर कळेल तितकं बरं. आपल्याकडे बहुतेक वेळा चूक समोरच्याची असूनही गाडी आपल्याच पॉलिसीतून रिपेअर होते. पैसे यायचे रस्ते तीन. समोरचा स्वतःच्या खिशातून देतो, किंवा आपण आपल्या पॉलिसीत ओन डॅमेज म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम करतो, किंवा त्याच्या थर्ड पार्टी पॉलिसीवर, म्हणजे त्याने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणाऱ्या पॉलिसीवर दावा लावतो. कुठला धरायचा ते घरी बसून हिशोब करून ठरवायचं, रस्त्यावर नाही. मात्र तिन्ही रस्ते उघडे राहतील की नाही हे रस्त्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत ठरतं.

माझ्या गाडीला धडक बसली तेव्हा मागच्या बंपरवर नुसते ओरखडे दिसत होते. ठोकणारा माणूस भला होता, सॉरी म्हणाला, दोन हजार काढून देत होता आणि मी घेणारच होतो. तेवढ्यात डिकी उघडून परत लावायला गेलो तर ती दोनदा आपटावी लागली. नीट बघितलं तर डिकी आणि बॉडीच्या मधली फट डावीकडे कागद जेमतेम जाईल एवढी आणि उजवीकडे आख्खं बोट जाईल एवढी. गॅरेजमध्ये बंपर उतरवल्यावर कळलं की आतली लोखंडी पट्टी वाकलीय आणि स्टेपनीच्या खालचा पत्रा चुरगळलाय. बंपर प्लास्टिकचा असतो, दाबला गेला तरी परत फुगून जागेवर येतो, पण त्याच्या मागचं लोखंड वाकतं ते वाकलेलंच राहतं. त्यामुळे जागेवर कितीही कमी डॅमेज दिसलं तरी रस्त्यावर "मिटलं" म्हणू नका आणि कसल्याही कागदावर सही करू नका.

पहिली दहा मिनिटं अशी वापरा. कुणाला लागलंय का बघा, लागलं असेल तर 112 ला फोन करा आणि बाकी सगळं नंतर. हॅझर्ड लाइट लावा. गाड्या बाजूला घेण्याआधी दोन्ही गाड्या एकाच फोटोत येतील असे लांबून चार फोटो काढा, ज्यात लेन, सिग्नल, रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणा असं सगळं दिसेल. लोक डेंटचे वीस फोटो काढतात आणि लांबून एकही नाही, पण चूक कुणाची हे लांबच्या फोटोतच कळतं. त्याची नंबर प्लेट, लायसन्स, आरसी, पॉलिसीचा फोटो घ्या. पॉलिसी दाखवत नसेल तर भांडत बसू नका, गाडीच्या नंबरवरून एमपरिवहन ॲपवर इन्शुरन्स कंपनीचं नाव आणि मुदत दिसते. कुणी बघणारं असेल तर त्याचा मोबाईल नंबर मागून घ्या, दोन मिनिटांनी तो माणूस निघून गेलेला असतो. डॅशकॅम असेल तर क्लिप त्याच दिवशी दुसरीकडे सेव्ह करा कारण कार्ड भरलं की जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं. समोरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीचंही तेच, लवकर जाऊन विनंती करायची.

समोरच्याने "माझी चूक झाली" असं स्वतःहून व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं तर फारच छान. आपण मात्र तोंडी किंवा लेखी "थोडी माझीपण चूक" वगैरे बोलायचं नाही. वातावरण हलकं करायला आपण तसं बोलून जातो आणि नंतर तेच आपल्याविरुद्ध वापरलं जातं.

आता पोलीस. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे कुणाला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर ड्रायव्हरने पोलिसांनी विचारलं तर लगेच, आणि पोलीस जागेवर नसतील तर स्टेशनला जाऊन लवकरात लवकर, जास्तीत जास्त 24 तासांत माहिती द्यायची असते. नुसता पत्रा चेपलाय तर पोलीस "आपसात मिटवा" म्हणतात. एफआयआर झाला नाही तरी निदान लेखी तक्रार देऊन त्याच्या कॉपीवर शिक्का आणि तारीख घेऊन ठेवा. साध्या ओन डॅमेज क्लेमला बहुतेक वेळा तेवढीही गरज पडत नाही, पण समोरच्याच्या थर्ड पार्टीवर जायचं असेल किंवा तो उद्या उलटला तर हाच कागद कामाला येतो. आणि लोक उलटतात. रस्त्यावर हात जोडणारा माणूस घरी जाऊन कुणाशी तरी बोलतो आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो तुम्हीच अचानक ब्रेक मारला.

आपल्या कंपनीला त्याच दिवशी कळवा, क्लेम करायचा की नाही हे ठरलं नसलं तरी. पॉलिसीत लगेच कळवा असं लिहिलेलं असतं आणि उशिराचं कारण देऊन हात वर करायची संधी कुणाला द्यायची नाही. फोनवर सांगितलंत तरी ॲपवर किंवा ईमेलवर पण टाका म्हणजे वेळ नोंदली जाते. घटना जशी झाली तशी दोनतीन ओळीत लिहा आणि पुढे प्रत्येक फॉर्मवर तेच शब्द वापरा. गाडी खालून काही गळत असेल, टायर आत घासत असेल, तर चालवत नेऊ नका, टोचन लावा, कारण तशीच चालवून इंजिन बसलं तर ते नुकसान अपघाताचं धरत नाहीत. खासगी कारच्या स्टँडर्ड पॉलिसीत टोइंगचे 1500 रुपयांपर्यंत मिळतात, रोडसाइड असिस्टन्सचं ॲडऑन (जास्तीचा प्रीमियम भरून घेतलेलं जादा कव्हर) असेल तर ते वेगळं. पावती घ्यायला विसरू नका.

आता हिशोब, हा भाग बहुतेक जण करतच नाहीत. आपल्या पॉलिसीतून क्लेम केला की तीन गोष्टी आपल्या खिशातून जातात. एक, कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण भरायचीच ठरलेली रक्कम, 1500 सीसीपर्यंतच्या कारला 1000 आणि त्यावर 2000. दोन, डेप्रिसिएशन, म्हणजे पार्ट जुना झाला म्हणून कापतात ते पैसे; झिरो डेपचं ॲडऑन असेल तर हे कापत नाहीत. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी, एअरबॅगवर 50 टक्के, फायबरवर 30, काचेवर काही नाही, आणि लोखंडी पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे, पहिले सहा महिने शून्य, एक ते दोन वर्षांत 10, तीन ते चार वर्षांत 25, चार ते पाच वर्षांत 35, दहाच्या वर 50. तीन, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट. चूक आपली नसली तरी बोनस जातो, आणि हे लोकांना सगळ्यात जास्त लागतं. बोनस प्रोटेक्टचं ॲडऑन असेल तरच वाचतो.

एक उदाहरण घेऊ. गाडी साडेचार वर्षांची, 1200 सीसी, झिरो डेप नाही. समजा बंपर 8,000, डिकीचा दरवाजा 12,000, पेंटिंग 8,000, डेंटिंगची मजुरी 4,000, म्हणजे एकूण 32,000. बंपरचे निम्मे म्हणजे 4,000 कापले. डिकी लोखंडी, 35 टक्के, म्हणजे 4,200 कापले. पेंटिंगच्या बिलातला 25 टक्के भाग रंगाचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे 1,000. डिडक्टिबल 1,000. झाले 10,200, हातात आले 21,800. आता बोनस बघा. समजा ओन डॅमेजचा प्रीमियम बोनसच्या आधी 10,000 आहे आणि पुढच्या वर्षी तुम्हाला 50 टक्के मिळणार होते. क्लेम केला की पुढच्या वर्षी शून्य, मग 20, 25, 35, 45 असं परत चढायचं. प्रीमियम तेवढाच धरला तर पाच वर्षांत जास्तीचे 5,000, 3,000, 2,500, 1,500 आणि 500 जातात, म्हणजे 12,500. म्हणजे 32,000 च्या कामात पॉलिसीचा खरा फायदा 9,300 चाच. अशा वेळी ठोकणारा 25,000 द्यायला तयार असेल तर ते घेणं शहाणपणाचं. तेच बिल दीड लाखाचं असेल तर विचारच करू नका, आपल्या पॉलिसीतूनच क्लेम करा. एका पॉलिसी वर्षात आधीच एक क्लेम झालेला असेल तर बोनस तसाही गेलेला आहे, मग हे गणित बदलतं.

समोरच्याकडून रोख घ्यायचे ठरवले तर आधी बंपर उतरवून पक्कं एस्टिमेट काढा आणि तो कागद त्याला पाठवा. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने घ्या, आणि पूर्ण आल्याशिवाय "माझी काही तक्रार नाही" असं लिहून देऊ नका. पैसे घेतले आणि वर त्याच नुकसानीचा क्लेम पण लावला, असं अजिबात करायचं नाही, एकाच नुकसानीचे पैसे दोनदा घेणं ही फसवणूक आहे. उलटही लक्षात ठेवा, आपल्या कंपनीने पैसे दिले की ठोकणाऱ्याकडून ते वसूल करायचा हक्क कंपनीकडे जातो, त्यामुळे क्लेम चालू असताना त्याला परस्पर "माझी काही तक्रार नाही" असं लिहून दिलात तर आपलाच क्लेम अडकतो.

तिसरा रस्ता म्हणजे त्याची थर्ड पार्टी. खासगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेचं साडेसात लाखांपर्यंतचं नुकसान कव्हर असतं, पण काही जण प्रीमियम वाचवायला ते 6,000 वर आणून ठेवतात, म्हणून त्याची पॉलिसी वाचा. यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो, वकील लागतो, तारखा पडतात. अर्ज तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो, अपघात जिथे झाला तिथेच जायला पाहिजे असं नाही. कायद्यात 2022 पासून सहा महिन्यांची मुदत आलीय, त्यामुळे लवकर हलायचं. नुसत्या बंपरसाठी कुणी इथे जात नाही हे खरं, पण तुमची स्वतःची पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल तर आपल्या कंपनीकडून गाडीसाठी एक रुपया येणार नाही, आणि मग समोरचा किंवा त्याची पॉलिसी एवढंच उरतं. त्याचा इन्शुरन्सच संपलेला असेल तर भरपाई त्याने आणि गाडीमालकाने स्वतः द्यायची असते. आणि कुणाला इजा झाली असेल तर मग हा रस्ता धरायचाच, उपचाराचा प्रत्येक कागद आणि बिल सांभाळून.

ओन डॅमेजच करायचं ठरलं की गाडी कंपनीच्या नेटवर्कमधल्या गॅरेजला नेली तर कॅशलेस होतं, आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडे नेली तरी चालतं पण बिल आधी आपण भरायचं आणि नंतर परत मिळवायचं. काहीही झालं तरी सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीने नेमलेल्या माणसाने बघितल्याशिवाय गाडी उघडू देऊ नका. सर्व्हेच्या वेळी शक्य असेल तर स्वतः हजर राहा. मी राहिलो म्हणून डिकीची ती फट दाखवता आली, नाहीतर एस्टिमेटमध्ये नुसता बंपर होता. गाडी खोलल्यावर आत नवीन काही निघालं तर गॅरेजने तिथेच थांबून सप्लिमेंटरी एस्टिमेट पाठवायचं आणि सर्व्हेअरची मंजुरी घेऊन पुढे जायचं, आधी काम आणि मग मंजुरी असं झालं की तो खर्च आपल्या गळ्यात पडतो. कुठला पार्ट बदलणार, कुठला ठोकून सरळ करणार, किती पैसे कापणार, हे काम सुरू व्हायच्या आधी लेखी घ्या. सर्व्हेअर रिपेअर म्हणतो आणि गॅरेज रिप्लेस म्हणतं असा वाद झाला तर "हा पार्ट रिपेअर होऊन सेफ आहे" असं गॅरेजकडून लिहून मागा, लिहून देणार नसतील तर तेच सर्व्हेअरला सांगा. रिपेअरचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) 75 टक्क्यांच्या वर गेला तर टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरतात, तिथे मग रिपेअरचा नाही, आयडीव्हीचा विषय.

डिलिव्हरी घ्यायला दिवसा उजेडी जा, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली रंगातला फरक दिसत नाही. गाडीच्या मागे तिरकं उभं राहून नवीन रंगलेला भाग आणि जुना दरवाजा एका नजरेत बघा. फटी दोन्हीकडे सारख्या आहेत का बोट फिरवून बघा, डिकी चारपाच वेळा उघडून लावा, डिकीतला गालिचा उचलून खालचा पत्रा आणि सीलंट बघा कारण तिथेच पावसाचं पाणी शिरतं. रिव्हर्स सेन्सर, कॅमेरा, मागचे दिवे, नंबर प्लेटचा दिवा लावून बघा. एक चक्कर मारा, स्टिअरिंग सोडल्यासारखं सैल धरलं की गाडी एका बाजूला ओढते का बघा. हे सगळं झाल्यावरच समाधानपत्रावर सही करायची. सही झाल्यावर गॅरेजवाल्याची बोलण्याची पद्धत बदलते, हा माझा अनुभव आहे. फायनल बिल आणि बदललेल्या पार्टची यादी घरी न्या, गाडी विकताना लागते.

क्लेम नाकारला किंवा फार कापला तर सर्व्हे रिपोर्टची कॉपी मागा आणि कापलेल्या प्रत्येक रकमेसाठी पॉलिसीतलं कुठलं कलम लावलंय ते ईमेलवर विचारा. तोंडी उत्तर घेऊ नका. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, एका महिन्यात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही, पण कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जावं लागतं. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 वरही तक्रार नोंदवता येते. माझ्या बिलात डिकीच्या रबरी बीडिंगबरोबर मागच्या काचेवरही 50 टक्के कापले होते, काचेवर डेप्रिसिएशन नसतं एवढ्या एका ओळीचा ईमेल टाकला आणि आठवड्याभरात ते पैसे परत आले.