तालुक्याचा इतिहास लिहायचाय? आधी मौजा धरा

नागपूर जिल्ह्यातल्या कुही, भिवापूर, पारशिवनी असल्या लहान तालुक्याचा इतिहास लिहायला घेतला की मंडळी पहिल्यांदा मालगुजाराच्या, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या जुन्या जमीनमालकाच्या, वाड्यात जाऊन बसतात. तिथं चहा मिळतो आणि एका घराण्याची गोष्ट मिळते. बाकीचं गाव महसुलाच्या दप्तरात आहे, म्हणून पहिली फेरी तहसीलच्या अभिलेख कक्षात मारा.

निघण्याआधी चिठ्ठीवर मौजाचं (म्हणजे महसुली गावाचं) नाव, पटवारी हलका (तलाठ्याच्या हद्दीचा) नंबर आणि जुना तालुका लिहून घ्या. खापरी, सोनेगाव, बोरगाव ही नावं जिल्ह्यात एकाहून जास्त ठिकाणी आहेत. कुही, भिवापूर आधी उमरेडमध्ये होते, त्यामुळे जुनी मिसल, म्हणजे बंदोबस्ताच्या वेळची गावाची नोंद, उमरेडच्या नावानं शोधावी लागते. अर्जात नुसतं ‘तालुका कुही’ लिहिलं तर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असा शेरा येऊ शकतो. तो शेवटचा समजू नका.

मिसल उघडली की भाषा अडवते. 1956 पर्यंत हा भाग आधी मध्य प्रांतात, मग मध्य प्रदेशात होता, म्हणून नोंदींत हिंदी येते, वर फारसी शब्द. सीर म्हणजे मालगुजाराची घरची जमीन. ‘4 आना हिस्सा’ दिसला तर ती किंमत नव्हे; अख्खं गाव 16 आणे, त्यातली चौथाई मालकी. ही मालकी 31 मार्च 1951 ला संपली. तलावही सरकारकडे गेले आणि माजी मालगुजारीचे ‘मामा तलाव’ झाले.

गावात कोण कोण राहत होतं, याचा चांगला धागा निस्तार पत्रकात, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या जागांच्या यादीत, सापडतो, आणि तेच कुणी मागत नाही. चराई, सरपण, खळं, स्मशान, दफनभूमी, जनावरं सोलायची जागा, हे सगळं खसरा (जमिनीच्या तुकड्याच्या) क्रमांकासह असतं. ते क्रमांक भूमी अभिलेखच्या गावनकाशावर पेन्सिलीनं रंगवा. कोणता टोला (वस्ती) कशाच्या बाजूला वसवला होता, ते दहा मिनिटांत दिसतं.

कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची वही, जपून हाताळा, पानं तुटतात. जन्माच्या नोंदीत बरेचदा बाळाचं नावच नसतं. तारीख, बापाचं नाव, जात, आणि पुढं नुसतं ‘मुलगा’. अशी नोंद शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरशी जुळवावी लागते. तिथल्या 1 जुलैच्या जन्मतारखांवर मात्र भरवसा ठेवू नका. मास्तरांनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबानं लावलेल्या असतात.

सगळ्यात मोठी चूक जनगणनेच्या आकड्यांत होते. 1951 नंतर 1961 मध्ये एखाद्या गावातले अनुसूचित जातीचे लोक एकदम घटलेले दिसतात आणि लिहिणारा ‘स्थलांतर’ लिहून मोकळा होतो. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. तीच घरं पुढं बौद्ध म्हणून नोंदली गेली, आणि बौद्धांना अनुसूचित जातीत धरणं 1990 मध्ये सुरू झालं. माणसं कुठं गेली नव्हती, रकाना बदलला होता. कोष्टी, कुणबी, तेली यांचे गाववार आकडे जनगणनेच्या पुस्तिकांत शोधत बसू नका. त्यात जातीपैकी फक्त अनुसूचित जाती-जमातींचे आकडे असतात.

शेवटी पायी फिरा. यादीत ‘रिठी’ लिहिलेले मौजे असतात, म्हणजे उठून गेलेली गावं. शेतात जुनी चिंच, शेंदूर लावलेला मारोती, नांगरटीत वर आलेले कवेलूचे (कौलाचे) तुकडे दिसले तर आबादी तिथंच होती असं समजा. शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्यांना ‘गाव का उठलं?’ विचाराल तर पटकी किंवा वाघ हे ठरलेलं उत्तर मिळेल. ‘त्या रिठीतली कोणती घरं तुमच्याकडं आली?’ असं विचारा, आडनावं मिळतात. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांसाठी हाच प्रश्न पुनर्वसन वसाहतीत विचारा, आणि लवकर विचारा.