रोप मान टाकतंय? आधी झारी खाली ठेवा

पानं लोंबलेली दिसली की लोक झारीकडे धावतात. सांगून सांगून तोंड दुखलं, पण पाणी कमी पडलं तरी पानं लोंबतात आणि जास्त झालं तरी लोंबतात. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. मग चिखलात उभं असलेलं रोपही तहानेलंच राहतं.

मावशीचा टोमॅटो असाच ‘सुकत’ होता. ती सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होती. कुंडी आडवी करून रोप बाहेर काढलं, तर गटारासारखा वास! मुळं तपकिरी झालेली. चिमटीत धरून ओढलं की साल हातात यायची आणि आतला बारीक गाभा तेवढा उरायचा. तळाचं भोक मातीने बुजलेलं, खालच्या ताटलीत पाणी साचलेलं. मावशीचं म्हणणं एकच, “अगं, वरून माती कोरडी दिसायची!” दिसणारच. वरचा थर आधी सुकतो. मी बोटाची दोन पेरं मातीत खुपसते. ओल लागली तर पाणी नाही. तळाशी खडी घालून निचरा सुधारतो हाही भ्रमच: पाणी खडीच्या वरच्या मातीत अडून राहतं आणि मुळांची जागा मात्र कमी होते.

आणि भर दुपारी मलूल झालेली भोपळ्याची पानं संध्याकाळी आपोआप सावरतात. तेवढा धीर धरा की!

दुसरी डोकेदुखी म्हणजे काकडी-भोपळ्याची फुलं गळतात म्हणून औषध फवारणारे. अहो, वेलावर सहसा आधी नर फुलं येतात आणि ती गळणारच. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ दिसतं, ते आधी ओळखायला शिका. फुलावर कीटकनाशक मारलंत तर मधमाश्या मरतात, परागीभवन होत नाही आणि ते इवलं फळ पिवळं पडून गळतं. मग पुन्हा फवारणी! माश्या फिरकत नसतील तर सकाळीच नर फूल तोडून, पाकळ्या काढून त्याचे पराग मादी फुलाच्या मधोमध टेकवा. बाटलीबंद उपायापेक्षा माझा यावर जास्त भरवसा आहे.

बाकीचं थोडक्यात. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पुरे. पेटुनियासारखं धुळीएवढं बी तर मातीवर नुसतं भुरभुरायचं, त्याला उजेड लागतो. टोमॅटो, मिरचीला किमान 6 तास थेट ऊन हवं, खिडकीतला उजेड म्हणजे ऊन नव्हे. झटपट वाढीसाठी युरिया ओतणाऱ्यांना पानंच पानं मिळतात, फळं नाहीत. दाट उगवलेली रोपं उपटायला जीव होत नसेल तर कात्रीने बुंध्याशी कापा, शेजारच्या मुळांना धक्का लागत नाही. गाजर मात्र जिथे वाढवायचं तिथेच पेरा. उपटून दुसरीकडे लावलेल्या गाजराला हमखास फाटे फुटतात.